व्याह्यांचा डावा पाय

आपला व्याही जगावेगळा आहे असं सोलापुरात कुणी सांगू लागला, की मी त्याचं शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एवढंच म्हणतो, तुम्ही अजून आमचे व्याही पाहिलेले नाहीत. माणसं जावयाचं कौतुक सांगतात, नातवंडांचं सांगतात, नव्या गाडीच्या ॲव्हरेजचं सांगतात; मी व्याह्यांचं सांगतो. खरं म्हणजे मी कशाचंच फारसं सांगणारा माणूस नव्हे. उभी हयात पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेली, आणि तिथे कालव्यात पाणी असो वा नसो, आपण तोंड मिटून बसायचं असतं. ती सवय घरीही लागली. पण व्याह्यांच्या डाव्या पायाची गोष्ट पोटात ठेवून ठेवून मला आता जड झाली आहे. तिच्यात माझाही वाटा आहे, म्हणून ती दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

व्याह्यांचं नवी पेठेत घोंगड्यांचं दुकान आहे. दोन झगमगीत साड्यांच्या दुकानांच्या मध्ये एक बोळकंडी सुटलेली दिसते, तिला शटर लावलं की झालं त्यांचं दुकान. मूळचे ते मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. थोरले भाऊ अजून मेंढरांमागे फिरतात आणि हे त्याच लोकरीची घोंगडी विकतात. घोंगडं अंगाला टोचतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. व्याह्यांना ते कधीच मान्य नव्हतं. गिऱ्हाईकानं गालाला लावून "टोचतंय हो" म्हटलं की ते घरातल्या लेकराबद्दल तक्रार ऐकल्यासारखे दुखावून म्हणत, "टोचत न्हाय, तुमाला वळखून घेतंय ते. चार रोज द्या की त्येला." एकदा एक म्हातारा आठवड्यानं घोंगडं घेऊन परत आला आणि म्हणाला, "वळख झाली शेठ, आता वरबाडाय लागलंय." व्याही म्हणाले, "मग लईच जीव लागला म्हणायचा," आणि त्यांनी चहा मागवला. म्हातारा चहा पिऊन, घोंगडं काखेत मारून, परत घरी गेला. मी स्वतः ते पाहिलेलं आहे.

उत्साह म्हणाल तर या माणसाच्या अंगात मावत नाही, तो हातांतून बाहेर सांडतो. लहानपणी ओढ्याच्या पाण्यातून मेंढरं उचलून पलीकडे ठेवायची सवय, ती शहरात येऊनही गेली नाही. गॅसची टाकी उचल, वाटेत आडवी लावलेली परक्याची स्कूटर उचलून बाजूला ठेव, बोलता बोलता समोरच्याचं पोर उचलून खांद्यावर घे. माझ्या मुलीच्या लग्नात व्याहीभेटीची वेळ आली. रीत साधी आहे. दोघांनी एकमेकांना टोपी-टॉवेल द्यायचा, गळाभेट घ्यायची, फोटो काढायचा. मी मुलीचा बाप, त्यामुळे हात जोडून कमरेत वाकलो. व्याही म्हणाले, "हे वाकणंबिकणं आमच्यात चालत न्हाय, पाव्हणं," आणि त्यांनी मला उचललं. माझं वजन लग्नाच्या धावपळीतही तोळाभर उतरलं नव्हतं. तरी मी सगळ्या मांडवादेखत अधांतरी गेलो. त्यांनी मला खाली ठेवलं तोच फोटोग्राफर म्हणाला, "काका, एकदा परत. फ्लॅश नाही उडाला." व्याह्यांनी परत उचललं. त्या दुसऱ्या वेळी वाळलेलं कडब्याचं धाट मोडावं तसा बारीकसा आवाज माझ्या कानाशी झाला. व्याही हसतच होते. अल्बममध्ये तो फोटो आहे. त्यात मी जत्रेला निघालेल्या बोकडासारखा दिसतो, आणि ते विजयी दिसतात.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं की व्याह्यांच्या मणक्यातली गादी मुळातच झिजलेली होती, वर्षानुवर्षं घोंगड्यांचे गठ्ठे ओढून ओढून. ते शिकलेले आहेत, खरंच सांगत असतील. पण तो आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता, मी ऐकला होता. लग्नानंतर व्याह्यांची कंबर धरली, मग कळ डाव्या मांडीतून पोटरीत उतरू लागली. त्यांनी उपाय काय कमी केले? लोकर तव्यावर गरम करून शेक घेतला. गावाकडच्या एका जाणत्याला बोलावून पाठीवर चालायला लावलं, तो दोन पावलं चालला आणि घाबरून स्वतःच उतरला. कमरेचा पट्टा आणला तो महिनाभर उलटा बांधला, आणि विहीणबाईंनी सुलटा करून दिल्यावर "आता उलटं वाटतंय" म्हणून काढून टाकला. मग चालताना डाव्या पायाचा चवडा उचलेना, पाय फरफटू लागला. तेव्हा जन्मात बोललो नव्हतो इतकं मी बोललो. मीच त्यांना सर्जनकडे नेलं. मणक्यातली नस दबली आहे, ऑपरेशन करावं लागेल, असं तिथे कळल्यावर घरी सगळे कचरले, तर मीच पुढे होऊन म्हणालो, "आता थांबू नका, पाय जाईल." व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमी म्हणताय तर करू की."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी कळ पार गेली होती. व्याह्यांनी चादर बाजूला केली, डाव्या पावलाकडे बघितलं, त्याला हात लावला आणि म्हणाले, "दुखणं गेलं बगा. जाताना पाय बी संगं घिऊन गेलं." गुडघ्याखालची बाहेरची बाजू आणि पाऊल, काही म्हणजे काही कळत नव्हतं. सर्जन म्हणाले, नस फार दिवस दबलेली होती, ती हळूहळू जागी होईल. किती होईल ते आत्ता कुणी सांगू शकत नाही. वर्षभर तरी वाट बघा. मी दाराशी उभा होतो. "तुमी म्हणताय तर करू की" हे वाक्य त्या दिवशी माझ्या छातीत येऊन बसलं ते उठायला तयार नव्हतं.

आमचे व्याही मात्र बरं होणंसुद्धा गाजावाजा करून करतात. अंथरुणात वळायचं ते कंबर न पिळता, लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध, असं सांगितलेलं होतं. ते दर वेळी आधी घोषणा करत, "सरका, ओंडका वळतुया." खाली बसायची बंदी झाली तेव्हा दुकानात गादीच्या जागी खुर्ची आली. तिचा त्यांना फार राग. "खुर्चीत बसून घोंगडं इकायचं म्हंजे तहसीलदारानं मेथीच्या जुड्या इकल्यावानी वाटतंय, पाव्हणं." वाकायलाही बंदी, म्हणून गिऱ्हाईकाला सांगत, "तळातलं पायजे का? घ्या की तुमीच वढून. आन वरची परत घडी घालून ठिवा, मला वाकू देत न्हाईत." गंमत म्हणजे खप वाढला. स्वतः ओढून, झटकून, घड्या घालून ठेवल्यावर रिकाम्या हातानं जायला गिऱ्हाईकाला लाज वाटायची.

चपलेची तऱ्हा निराळीच. डाव्या पायातून चप्पल निघून जाई आणि त्यांना पत्ताच लागत नसे. एक पाय चपलेत, एक धुळीत, असे ते नवी पेठेतून गप्पा मारत चालत. मागून कुणी ना कुणी चप्पल घेऊन येई, आणि जो घेऊन येई त्याला व्याही दुकानात नेऊन बसवत. साड्यांच्या दुकानातली पोरं, भांडीवाले, रिक्षावाले, सगळ्यांना ती चप्पल ओळखीची झाली. एकदा तर देवळातून बाहेर पडताना त्यांनी डावा पाय भलत्याच जोडात घातला, आणि उजव्या पायात कोल्हापुरी व डाव्यात सोनेरी फुलांची बायकांची सँडल अशा थाटात ते दुकानापर्यंत आले. सँडलची मालकीण मागोमाग येऊन पोचली. व्याही तिला म्हणाले, "बाई, मला कायबी कळलं न्हाय, पर सँडल हलकी हाय बगा, कुटनं घेतली?" अखेर भावाच्या कळपातली एक बकरीची घंटी आणून त्यांनी डाव्या चपलेला बांधली. आवाज थांबला की समजायचं, चप्पल मागं राहिली. लोक हसले. व्याही म्हणाले, "हसा की. तुमचं जनावर हरवलं तर तुमाला कळतंय का?"

फिजिओथेरपीच्या बाई घरी येत. त्यांनी एक व्यायाम सांगितला होता. डोळे मिटायचे, पावलाखाली वेगवेगळ्या पोताच्या वस्तू ठेवायच्या आणि कशावर पाय आहे ते ओळखायचं. त्यानं नसेला पुन्हा ओळखीचं वळण लागतं म्हणे. मी दर रविवारी भवानी पेठेत त्यांच्या घरी केळी घेऊन जाई, आणि मी गेलो की हा कार्यक्रम हमखास होई. व्याही खुर्चीत डोळे मिटून बसायचे. विहीणबाई ताटांची रांग लावायच्या. एकात ज्वारी, एकात तूरडाळ, एकात शेंगा, एकात लोकर. त्या एक ताट पायाखाली सरकवायच्या आणि व्याही अंतर्ज्ञान झाल्यासारखी मान डोलवायचे. "ज्वारी. मंगळवेढ्याची हाय. काळ्या रानातली." मग "तूरडाळ, पॉलिश न केल्याली." मग "शेंगा. ह्यात एक किडकी हाय, काडा ती." एकही चूक नाही. मी खाली वाकून ज्वारीचे दाणे हातात घेऊन बघायचो. मला हातानं जे कळत नव्हतं ते या माणसाला पायानं कळत होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "पाय आला त्यांचा." त्या रात्री मला झोप लागली. ऑफिसात मी, जो कुणाशी बोलत नाही तो, टेबलाटेबलापाशी जाऊन आमच्या व्याह्यांचा पाय ज्वारीचं रानसुद्धा ओळखतो असं सांगून आलो.

एका रविवारी विहीणबाई माहेरी मंगळवेढ्याला गेल्या होत्या. मी केळी घेऊन पोचलो. व्याही म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या. पाय दमलाय." पण माझी मुलगी हौशी. ती म्हणाली, "बाबा आलेत ना मामंजी, मी ठेवते ताटं." व्याह्यांना नाही म्हणवेना. त्यांनी डोळे मिटले. मुलीनं ज्वारी ठेवली. व्याही बराच वेळ गप्प बसले, जणू कशाची तरी वाट बघत होते. मग म्हणाले, "लोकर?" मुलीनं तूरडाळ ठेवली. "लोकर." तिनं शेंगा ठेवल्या. व्याह्यांच्या कपाळावर घाम आला. डोळे मिटलेलेच ठेवून ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तुमी बांगड्या घालत न्हाय का?"

माझी मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिथे हातमोजे चढवावे लागतात म्हणून तिचे हात मोकळे असतात. तिला प्रश्न कळला नाही. मला कळायला क्षणभर लागला. मग विहीणबाईंचे ते हिरव्या काचेच्या बांगड्यांनी कोपरापर्यंत भरलेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले. ताट सरकवताना एकदा किणकिण झाली की ज्वारी, दोनदा झाली की तूरडाळ, नुसतं सळसळून थांबलं की शेंगा, आणि काहीच वाजलं नाही की लोकर. रविवारमागून रविवार ते दोघं नवराबायको माझ्या देखत हा बँडबाजा वाजवत होते, आणि मी केळी घेऊन जाऊन टाळ्या पिटत होतो. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणून ओळखायला तर पायाचीही गरज नव्हती. त्या घरात दुसरी ज्वारी कधी येतच नाही.

मी चहा घेतला आणि निघालो. पण त्या आठवड्यात मधल्याच दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "व्याहीबुवा, मी तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर चढवलं. लग्नात पाठही माझ्यापायीच मोडली. पाय नाही आला, तर मी तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येऊ?" एवढं एका दमात मी माझ्या बायकोशीही कधी बोललेलो नाही.

व्याही खुर्चीत मागे टेकले. "तुमी काय केलं? दुकान दावलं. माल मी पसंत केला. घोंगडं टोचलं म्हणून वाट दावणाऱ्याची गचांडी धरायची का?"

"टोचत नाही म्हणता ना तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते खदखदून हसले, मग कमरेला हात लावून हसू आवरलं. "बांगड्याची युक्ती हिची. मी म्हणत हुतो नुसतं खोकत जा. तर ही म्हणती, रोज खोकले तर पाव्हणं माज्यासाटी बी डाक्टर शोधतील."

"पण हे सगळं कशासाठी?"

"आवो, तुमी पोरीचं बाप. आमच्या दारात चपला काडताना बी आवाज करत न्हाय तुमी. मांडवात तेवढ्यासाटीच उचललं हुतं तुमाला, का तर मान वर व्हावी. आन आता माज्या ह्या पायावरनं तुमी परत वाकणार असाल, तर ह्या पायाला कळलंच पायजे की न्हाय?"

मी विचारलं, "खरं सांगा, किती कळतं?" तेवढ्यात एक जोडपं दुकानात शिरलं आणि व्याही त्यांच्याकडे वळले. "या, बसा. वाकायला बंदी हाय, तुमीच वढून घ्या." उत्तर राहिलंच. पुढेही मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा "येतंय की हळूहळू" यापलीकडे काही मिळालं नाही. पण त्या दिवशी दुकानातून परत येताना माझी मान मात्र वेगळी होती. माझ्यासारख्या गप्प माणसाला बरं वाटावं म्हणून एक अख्खं घर दर रविवारी नाटक बसवतं, असा व्याही कुणाला मिळतो?

मग एका दुपारी त्यांचा ऑफिसात फोन आला. "पाव्हणं, पायात मुंग्या आल्यात. काळ्या न्हाईत, लाल. चावऱ्या." आवाजात नातू झाल्याचा आनंद. पाऊल जळत होतं, मधेच करंट बसल्यासारखा झटका येत होता. सर्जन म्हणाले, ही नस जागी होत असल्याची खूण आहे. व्याह्यांनी नवी पेठेत पेढे वाटले. भांडीवाल्यानं विचारलं, "काय शेठ, पाय बरा झाला?" तर म्हणाले, "न्हाय, दुखाय लागलाय." भांडीवाला पेढा हातात धरून बराच वेळ विचार करत राहिला. घरी तर त्यांनी तक्रारींचा वर्षाव केला. चादर जड लागते, फरशी गार लागते, मोज्याचा काठ काचतो. प्रत्येक तक्रार ते सणाच्या पक्वान्नासारखी चवीनं सांगायचे. मी मात्र बांगड्यांचा पोळलेला, माझा काही चटकन विश्वास बसेना.

तो बसला तो दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत. व्याह्यांनी खुर्चीपुढे एक घोंगडं अंथरून ठेवलेलं असे, आणि त्यावर अनवाणी पाय. एक गिऱ्हाईक घोंगडं गालाला लावून उभं होतं. ते म्हणालं, "टोचतंय वाटतं." व्याह्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "टोचत न्हाय, ते वळखून..." आणि थांबले. डावा पाय घोंगड्यावर थोडा पुढे सरकवला, मागे घेतला, परत पुढे सरकवला. चेहरा पार बदलला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "टोचतंय. लई टोचतंय." गिऱ्हाईक म्हणालं, "मग ऱ्हाऊ द्या," आणि निघून गेलं. व्याह्यांनी त्याला अडवलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र माझी खात्री पटली. व्याह्याला बरं वाटावं म्हणून ते पन्नास खोटी बोलतील, पण हातातलं गिऱ्हाईक घालवून खोटं बोलणारे ते नव्हेत. त्या दिवसापासून त्यांचा धंद्याचा मंत्रही बदलला. आता ते म्हणतात, "टोचतं. टोचायलाच पायजे. टोचत न्हाय त्येला डाक्टर लागतो."

पाय आला. चवडा उचलतो, चप्पल राहते, दुकानापर्यंतची वाट ते आपली आपण चालतात. मी आता रविवारी गेलो की उंबऱ्यातूनच हाक मारतो.

परवाच्या रविवारी जेवण झाल्यावर आम्ही दोघंच बाहेरच्या खोलीत बसलो होतो. पाठीला बरं पडावं म्हणून ते पाय लांब करून आरामखुर्चीत टेकले होते, आणि व्याह्याकडे पाय नको म्हणून त्यांनी खुर्ची तिरकी करून घेतली होती. मी काही विचारलेलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले, "पाव्हणं, करंगळी आन तिच्या शेजारचं बोट, दोन्ही न्हाय आली. डाक्टर म्हणला, वरीस उलटलं, आता यायची न्हाईत."

सांगताना ना आवाज चढवला, ना वर काही गंमत जोडली. मी फक्त "हं" म्हणालो. त्यांनीही मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत भावाच्या मेंढरांचं बोलू लागले. यंदा पाऊस कुठे किती झाला, कळप कुठल्या बाजूला नेला, एक काळी मेंढी वाट सोडून सारखी उसात कशी शिरते, असं काहीबाही. बोलण्याच्या नादात त्यांचा पाय कलंडून माझ्या खुर्चीच्या हातापाशी आला होता. मुलीच्या बापानं पायाला हात लावलेला त्यांनी कधी चालवून घेतला नसता. मी ती दोन बोटं हातात धरली. गार होती. काळी मेंढी उसातून बाहेर येईपर्यंत मी ती तशीच धरून बसलो, आणि ते खिडकीबाहेर बघत बोलत राहिले.